बुडालेल्या गाडीचा पंचनामा

(ओझर येथील न्यायवैद्यक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



वाहन पाण्यात पडून होणाऱ्या मृत्यूंचा तपास या विषयावर इथे बोलायचे, असा आग्रह मीच धरला होता. त्याला कारण ही जागा आहे. ओझर कुकडीच्या काठी वसलेले. विघ्नेश्वराच्या देवळामागे पसरलेले पाणी येडगाव धरणाचे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आहेत आणि त्यांचे पाणी कालव्यांतून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. या पाण्याने इथला ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो उभे केले. त्याच पाण्याला लागून आपले रस्तेही आहेत: कालव्याच्या भरावावरून जाणारा अरुंद रस्ता, फुगवट्यावरचा पूल, ओढ्यावरची बिनकठड्याची मोरी, वळणावरच्या शेतात जमिनीलगत उघडी असलेली विहीर. अशा विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी या भागाला नवी नाही. वनविभाग पिंजरा सोडून त्याला वर काढतो आणि विहिरीला कठडा हवा होता यावर दोन दिवस बोलणे होते. माणसे भरलेले वाहन पडते तेव्हाही बोलणे तितकेच टिकते.

गाडी पाण्यात गेल्याची खबर आल्यावर काय घडते, ते या सभागृहातल्या बहुतेकांनी पाहिले आहे. काठावर गर्दी होते. गावातली पोरे, धरणावर मासेमारी करणारे लोक स्वतःचा जीव धोक्यात घालून उड्या टाकतात, काचा फोडतात, सापडेल त्याला बाहेर ओढतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदराशिवाय दुसरे काही नाही. एक जीव वाचण्याची पुसटशी जरी आशा असली, तरी पुराव्याचा विचार कोणी करू नये. माझे बोलणे त्यानंतरच्या तासाबद्दल आहे. आत कोणी जिवंत नाही हे कळते आणि क्रेन येते. जिथे हात पोचेल तिथे साखळी अडकवली जाते. गाडी फरफटत काठावर येते, आतला गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. कोणीतरी दरवाजे उघडतो, कोणीतरी गिअर न्यूट्रलला टाकतो, कारण त्याशिवाय गाडी ढकलता येत नाही. देह रुग्णालयात जातात. अकस्मात मृत्यूची नोंद होते. बाहेर नातेवाइकांचा आक्रोश असतो, पुढाऱ्यांचे फोन असतात आणि एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे चार-पाच देह ओळीने ठेवलेले असतात. अहवालात ओळ उमटते: पाण्यात बुडून गुदमरल्याने मृत्यू.

ही ओळ बहुतेक वेळा खरीच असते. पण तिच्यातून एकाही पुढच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पाण्यात जाताना माणूस जिवंत होता का? जिवंत असला तर शुद्धीवर होता का? गाडी कोण चालवत होते? ती रस्ता सोडून का गेली? आणि आतल्यांना बाहेर का पडता आले नाही? नुकसानभरपाई, विमा, गुन्हा, रस्त्याची दुरुस्ती, पुढच्या माणसाचा जीव हे सगळे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

आता देहाकडे वळू. तरुण डॉक्टरांनी इथे विशेष लक्ष द्यावे. नाकातोंडाशी येणारा बारीक बुडबुड्यांचा, चिकट, पांढरा फेस, जो पुसला तरी छाती दाबल्यावर पुन्हा येतो. फुगून बरगड्यांचे ठसे उमटलेली, जड फुफ्फुसे. खोल श्वासनलिकांत आणि जठरात गेलेली वाळू, गाळ, शेवाळ. मुठीत घट्ट धरलेले गवत. ही जिवंतपणी बुडाल्याची लक्षणे आहेत आणि ती एकत्र दिसली तर मत ठामपणे देता येते. हातापायांची कातडी पांढरी पडून सुरकुतणे हे मात्र फक्त देह पाण्यात राहिल्याचे लक्षण आहे. मेल्यावर टाकलेल्या देहातही ते दिसते. श्वासनलिकेत पाणी सापडले एवढ्यावरही निष्कर्ष काढू नका, कारण खोल पाण्यात दाबामुळे मृताच्या फुफ्फुसातही पाणी शिरते. उलट फेस दिसला नाही म्हणून बुडाला नाही, असेही म्हणता येत नाही. उन्हाळ्यात कुजण्याची क्रिया सुरू झाली की ही लक्षणे झपाट्याने नाहीशी होतात.

अशा वेळी डायटमची तपासणी मदतीला येते. डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले. हृदय चालू असताना पाणी फुफ्फुसात गेले, तर ती रक्तावाटे हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. हृदय थांबल्यावर पोचत नाहीत. रेव्हेनस्टॉर्फ या जर्मन संशोधकाने १९०४ मध्ये या दिशेने पहिला प्रयत्न केला आणि या तपासणीच्या विश्वासार्हतेवरचा वाद आजही चालू आहे. पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून, अस्वच्छ उपकरणांतूनही डायटम येऊ शकतात. मृत्यू झटकन आला किंवा पाण्यातच ती कमी असली, तर खरोखर बुडालेल्या देहातही ती सापडत नाहीत. म्हणून मज्जेत सापडलेली डायटम ज्या पाण्यातून देह काढला त्या पाण्यातल्या डायटमशी जुळवून पाहावी लागतात. हाड प्रयोगशाळेत जाते आणि त्याच्याबरोबर घटनास्थळाचे पाणी मात्र गेलेले नसते, हे मी माझ्या कामात फार वेळा पाहिले आहे. पाण्याशिवाय आलेल्या हाडाचा अहवाल वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून, सील करून, ठिकाण आणि वेळ लिहून पाठवायला कोणता खर्च येतो?

वाहनातल्या मृतांच्या बाबतीत जखमांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. खडकावर आपटून, तळाशी घासून, मासे-खेकड्यांनी कुरतडून मृत्यूनंतरही देहावर खुणा उमटतात. त्यांच्यातून मृत्यूपूर्वीची जखम ओळखून काढावी लागते. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस श्वास घेत असतो आणि त्या अवस्थेतच तो बुडतो. तिथे मेंदूची दुखापत आणि बुडणे दोन्ही लिहिले पाहिजे. नुसते ‘बुडून’ लिहिले, की शुद्धीवर असूनही तो बाहेर का पडला नाही, असा भलताच प्रश्न न्यायालयात उभा राहतो. दारूबद्दलही हेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पण देह कुजताना जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. दोन दिवसांनी धरणातून काढलेल्या चालकाच्या रक्तात अल्कोहोल सापडले, म्हणून त्याला दारुडा ठरवणे हा अन्याय आहे. सोडियम फ्लोराइड घातलेले रक्त आणि डोळ्यातला व्हिट्रियस द्रव दोन्ही पाठवले, तर हा अन्याय बराचसा टळतो. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराच्या माथी ‘दारू पिऊन मेला’ हा शब्द आपल्या आळसामुळे मारला जाऊ नये.

गाडी कोण चालवत होते, हे देह सांगतो, पण गाडी समोर असेल तरच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो, शेजाऱ्याचा डाव्या खांद्यावरून उजवीकडे. पट्ट्याचे वण, बाजूच्या काचेच्या चौकोनी तुकड्यांनी चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला ओरखडे काढले, छातीवर स्टिअरिंगचा ठसा आहे का, बुटाच्या तळव्यावर पेडलची खूण आहे का, हे सगळे एकत्र वाचायचे असते. मित्रांची गाडी पाण्यात जाते, एक जण वाचतो आणि तो सांगतो की चालवणारा गेला. तो खरे बोलत असेल. पण त्याच्या शब्दापलीकडे आपल्याकडे काही नसेल, तर तपास झालाच नाही असे मी मानतो.

गाडी पाण्यात गेल्यावर नेमके काय होते, याचा प्रत्यक्ष प्रयोगांनी अभ्यास कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी केला. त्यांच्या निष्कर्षानुसार साधारण अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत गाडी तरंगते आणि सुटकेची वेळ हीच. पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर ढकला, मग स्वतः निघा. पाणी काचेच्या वर चढले की काच खाली होणे अवघड आणि दरवाजा उघडणे जवळपास अशक्य. हिशोब सोपा आहे: दरवाजाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर आणि त्यावर पाण्याची सरासरी खोली अर्धा मीटर धरली, तरी बाहेरून सुमारे ५०० किलो भार पडतो. आतून कोणता माणूस तो ढकलणार? म्हणून काच किती खाली होती, पट्टा अडकलेला होता की सुटलेला, कुलूप लागलेले होते का, मृत पुढच्या सीटवर होता की मागे हवेच्या पोकळीकडे सरकलेला, या नोंदींतून त्या दोन मिनिटांत आत काय घडले ते कळते. क्रेनने एक हिसका दिला की यातले निम्मे पुसले जाते.

आपल्या राज्याने हे दुःख वारंवार पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि एक तवेरा त्यात गेली. वाहने सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. देह खाडीतून समुद्रात वाहत गेले आणि शंभरेक किलोमीटर दूर आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत सापडले. एसटीत नावांची यादी नसते, त्यामुळे कोण त्या गाडीत होते इथपासून शोध होता. तिथे देह एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. दोघांची सांगड घालण्याची संधी पुरानेच हिरावली. पण जिथे ती संधी पूर्ण हातात असते तिथेही आपण ती सोडतो, याची मला खंत आहे.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याच्या बालेवाडीच्या कुटुंबांची मिनीबस कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. १३ जण गेले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या पुलाशेजारचा पर्यायी पूल तेव्हा कित्येक वर्षे अर्धवट उभा होता. अशा घटनेत चालकाचा वेग आणि थकवा तपासायचा असतो, तसाच कठडाही तपासायचा असतो. तो किती उंच होता, कशाचा होता, कोणत्या धक्क्याला टिकेल असा बांधला होता, हे मोजून लिहिले तरच दोष चालक आणि रस्ता यांच्यात नीट वाटला जातो. मेलेला चालक स्वतःची बाजू मांडू शकत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकणे फार सोयीचे असते.

आणि विहिरी. २८ जानेवारी २०२० ला नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षा धडकून दोन्ही वाहने विहिरीत पडली, २६ मृत्यू. १८ जुलै २०२४ ला जालना जिल्ह्यात राजूरजवळ पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची गाडी विहिरीत गेली, सात मृत्यू. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगावात शेतमजूर बायकांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. सात जणी गेल्या. विहिरीतला मृत्यू नदीतल्यासारखा नसतो. धडकेचा मार, पडण्याचा मार, एकमेकांच्या अंगाखाली दबून छाती हलू न शकल्याने गुदमरणे आणि बुडणे हे सगळे काही मिनिटांत, काही फुटांच्या अंतरात घडते. दबून गुदमरलेल्याचा चेहरा काळानिळा पडतो, डोळ्यांच्या पापण्यांत बारीक रक्तस्राव दिसतात, फुफ्फुसात पाणी नसतेही. वीस देह असले तरी वीस वेगवेगळी कारणे असू शकतात. सगळ्यांच्या नावापुढे एकच छापील वाक्य लिहिले, की ट्रॉलीत माणसे बसवणे, विहिरीला कठडा नसणे, धडक कोणी दिली यांपैकी कशाने किती जीव घेतले, ते कायमचे अज्ञात राहते. ट्रॉलीतल्या त्या बायकांपुढे खाली करायला काच नव्हती आणि सोडायला पट्टाही नव्हता. गीसब्रेक्ट यांची सूचना त्यांच्या कामाची नाही. त्यांच्या कामाची गोष्ट विहिरीभोवतीची भिंत होती.

शवविच्छेदन टाळले तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १८ जुलै १९६९ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधील चॅपाक्विडिक बेटावर सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी पुलावरून पाण्यात उलटी पडली. ते बाहेर आले. सोबतची २८ वर्षांची मेरी जो कोपेक्नी आत राहिली. पोलिसांना खबर मिळाली दुसऱ्या सकाळी. देह बाहेर काढणाऱ्या पाणबुड्याचे म्हणणे होते की ती हवेच्या पोकळीत काही काळ जिवंत असावी. वैद्यकीय परीक्षकाने बाहेरून पाहून बुडून मृत्यू ठरवला, शवविच्छेदन झालेच नाही आणि देह पेनसिल्व्हेनियात पुरला गेला. नंतर सरकारी वकिलांनी तो उकरण्याची परवानगी मागितली, आईवडिलांनी विरोध केला, न्यायालयाने नकार दिला. ती किती वेळ जिवंत होती, वेळेवर मदत आली असती तर वाचली असती का, हे प्रश्न आज पन्नासहून अधिक वर्षांनी तसेच आहेत. केनेडींना घटनास्थळ सोडल्याबद्दल दोन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. इतक्या श्रीमंत देशात, इतक्या मोठ्या माणसाच्या प्रकरणात दोन तासांचे काम टळले आणि सत्य कायमचे हातातून गेले.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे मला एक मोठी फट दिसते आणि ती आज स्पष्ट बोलून दाखवली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद आली. पाऊल उत्तम आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली शिक्षा आहे पाच वर्षांपर्यंत. म्हणजे पाण्यात पडलेली गाडी ‘अपघात’ म्हणून नोंदली गेली की तज्ज्ञ येण्याचे बंधन उरत नाही. खून करून गाडी पाण्यात ढकलली असेल, तर तज्ज्ञ यायला हवेत. पण खुनाचा संशय यावा यासाठीच तर तज्ज्ञ हवेत! पहिल्या तासात ज्याने नाव ठेवले, त्याच्यावर सगळा तपास अवलंबून राहतो. वाहन पूर्ण बुडालेले आणि त्यात मृत्यू, एवढे दोन निकष पुरेसे मानून राज्य सरकारने या प्रकरणांसाठी फिरते न्यायवैज्ञानिक पथक पाठवणे सक्तीचे करावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

एक गोष्ट आकडेवारीची. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात बुडून झालेल्या अपघाती मृत्यूंचे संकेत वेगळे आहेत आणि वाहन अपघातांचे वेगळे. गाडीसह बुडालेला माणूस रस्ते अपघातांत मोजला जातो. रस्ते सुरक्षेच्या अहवालात तो धडकेत मेलेल्यांमध्ये मिसळून जातो आणि बुडण्याच्या अहवालात तो नसतोच. म्हणून कालव्याकाठी कठडा किती ठिकाणी हवा, हे ठरवायला कोणाकडे आकडा नाही. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी ‘वाहन कालव्यात पडून’, ‘विहिरीत पडून’ असे सविस्तर लिहिले, तर निदान जिल्ह्यापुरता हिशोब मांडता येईल.

रात्रीच्या शवविच्छेदनाबद्दल थोडे. १५ नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने पुरेशी सोय असलेल्या ठिकाणी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली. नातेवाइकांचे हाल कमी झाले, हे चांगले झाले. पण घातपाताचा संशय असलेली आणि कुजलेल्या देहांची प्रकरणे त्यातून साधारणपणे वगळलेली आहेत. पाण्यातली गाडी संशयातीत आहे असे गाडी पाहण्याआधी कोणी ठरवायचे? डॉक्टरांनी दबावाला बळी न पडता सकाळपर्यंत थांबावे आणि पोलिसांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

इथले ग्रामीण रुग्णालयांतले डॉक्टर बाळंतपणे, सर्पदंश आणि अपघात सांभाळून हे काम करतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यांच्याकडून मी विशेषज्ञाची अपेक्षा करत नाही. मागतो ते एवढेच. पोलिस बांधवांनो, जीव वाचवण्याचे प्रयत्न संपल्यावर आणि क्रेनची साखळी अडकण्याआधी गाडीचे पाण्यातले चारही बाजूंचे फोटो घ्या. वर येताच कोणी हात लावण्यापूर्वी गिअर, हँडब्रेक, दिव्याचे बटण, काचा, कुलपे, पट्टे आणि प्रत्येक देहाची जागा पंचनाम्यात लिहा. कालव्यात आवर्तन चालू असेल तर पाण्याचा वेग आणि पातळी पाटबंधारे खात्याकडून त्याच दिवशी लेखी घ्या. पाण्याची सीलबंद बाटली देहाबरोबर पाठवा. आणि डॉक्टरांनो, ती बाटली, ते फोटो आणि गाडीची नोंद समोर आल्याशिवाय मृत्यूच्या कारणावर अंतिम मत देऊ नका. मत राखून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. उद्या सकाळी आपापल्या ठाण्यात आणि रुग्णालयात परत गेल्यावर तो वापरायला सुरुवात करा, ही माझी अध्यक्ष म्हणून तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.